गव्हर्नरसाठी पाण्यात ठेवलेला गणपती

अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर पुन्हा निवडून यावा म्हणून अबू धाबीतलं एक मराठी घर पंधरवडाभर अन्नपाणी विसरलं होतं, हे आज सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. काढू देत. त्या राज्यात आमचं कुणी राहत नव्हतं. ते कुठे आहे हे बघायला मुलीच्या दप्तरातला अ‍ॅटलास काढावा लागला होता. मक्याची शेतं आणि हाडं गोठवणारी थंडी यापलीकडे आम्हाला त्याची काहीही माहिती नव्हती. पण त्या नोव्हेंबरात आम्ही त्या माणसाला 'आपला गव्हर्नर' म्हणत होतो, आणि त्याच्या विरोधकाचं नाव आमच्या घरात कुणी सरळ घेत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हमदान स्ट्रीटच्या मागच्या एका इमारतीत आमचा फ्लॅट होता. नवरा शहराबाहेर मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत इंजिनियर, मी इन्शुरन्सच्या ऑफिसात, मुलगी पाचवीत. समोरच्या दारात एक अमेरिकन गृहस्थ एकटेच राहायचे. साठीच्या घरातले, दारातून वाकून आत यावं लागेल इतके उंच, तेलाच्या कामातले कन्सल्टंट, बायको वारलेली. लिफ्टमध्ये शिरताना ते अरबीत 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणायचे आणि आमच्या मजल्यावर उतरताना 'खलास'. सहा वर्षांत आमचा शेजारधर्म त्या दोन शब्दांच्या पुढे गेला नव्हता.

तो पुढे नेला सासूबाईंनी. त्या दिवाळीसाठी पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी चकल्या तळायला घेतल्या आणि थोड्या वेळानं बेल वाजली. दारात समोरचे साहेब, हातात आग विझवायचा लाल सिलिंडर. कुठे काही जळतंय का, असं विचारायला आले होते. मला हसू आवरेना. सासूबाईंनी त्यांच्या हातातला सिलिंडर काढून घेतला, चपलांच्या स्टँडशेजारी ठेवला आणि बशीभर चकल्या पुढे केल्या. "बैठो, बैठो. खाके जाओ," त्या म्हणाल्या. साहेबांना हिंदीचा गंध नव्हता, पण ते बसले. चकली मोडल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर ते रोज संध्याकाळी येऊ लागले. सिलिंडर न्यायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

संभाषण मुलीमार्फत चालायचं. सासूबाई मराठीत बोलणार, साहेब इंग्रजीत, आणि मधे आमची कन्या सोफ्याच्या हातावर बसून दोन्हीकडचं भाषांतर करणार, तेही कंटाळलेल्या सरकारी कारकुनाच्या चेहऱ्यानं. मला वाटायचं, दोघांना बोलायला विषय तरी काय मिळतात? पण दोघंही एकटी राहणारी माणसं, ते इथे आणि त्या पुण्यात. गुडघ्यापासून गवारीपर्यंत त्यांना काहीही पुरायचं.

एका संध्याकाळी साहेबांनी चिवड्याला हातच लावला नाही. सासूबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. विचारल्यावर कळलं ते असं. त्यांची एकुलती एक लेक तिकडे गव्हर्नरच्या ऑफिसात कामाला होती. गव्हर्नर कुठे जाणार, कुणाला भेटणार, किती वाजता जेवणार, सगळं ती ठरवायची.

"म्हणजे पीए," सासूबाई म्हणाल्या.

चार वर्षं राज्य करून तो गव्हर्नर आता पुन्हा उभा होता आणि लढत अगदी अटीतटीची होती. तो जिंकला तर लेकीची नोकरी राहील, कदाचित बढतीही मिळेल. हरला तर सगळं ऑफिसच घरी बसणार. "तसं झालं तर काही महिने इकडे येऊन राहीन म्हणते," साहेब म्हणाले. "माझ्याकडे एक खोली रिकामी आहेच. पण तशी वेळ येऊ नये. जीव ओतलाय तिनं या कामात."

सासूबाईंनी मुलीला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. "हरला तर ती इकडे येणार?"

"येस, आज्जी. हरला तर."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या आणि चिवड्याची बशी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला गेले तर ओट्याच्या कोपऱ्यात, कॅबिनेटमध्ये मांडलेल्या आमच्या देवघरात, स्टीलच्या पातेल्यात सासूबाईंचा चांदीचा गणपती गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला. हा गणपती त्यांच्या हातातल्या पर्समधून विमानानं आला होता. त्यांनी देव पाण्यात ठेवले की प्रकरण गंभीर आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मनातलं काम होईपर्यंत देवाची सुटका नाही. नवऱ्याच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या वेळी हाच गणपती असा किती दिवस भिजत होता, त्याच्या कथा मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते.

"गव्हर्नरसाठी का?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच," त्या म्हणाल्या आणि पाणी गार आहे का ते बोट बुडवून पाहिलं.

मला इतकं भरून आलं की मी ऑफिसला जाता जाता समोरची बेल वाजवून साहेबांना ती बातमी दिली. त्यांना आधी काही समजेना. मग आत येऊन त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून पातेल्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "यांना श्वास घेता येतो ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"ही इज गॉड, अंकल," कन्या शाळेचे बूट घालता घालता म्हणाली. "ही डझंट नीड टू."

तिथून आमच्या घराला निवडणूक चढली. सगळ्यात जास्त नवऱ्याला. त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट येतं याचं त्याला लहान मुलासारखं अप्रूप होतं. कामावरून आला की टाय सैल करून तो त्या राज्यातल्या कुठल्याशा वर्तमानपत्राचं पान उघडत बसायचा. पान वरून खाली इतकं सावकाश उतरायचं की गव्हर्नरचे केस दिसल्यावर कपाळ दिसेपर्यंत माझा एक फुलका होऊन जायचा. मग त्यानं राज्याचा नकाशा छापून फ्रिजवर चिकटवला आणि जिल्हे रंगवायला घेतले. "उत्तरेकडे आपली पोझिशन स्ट्राँग आहे," तो जेवताना सांगायचा. "प्रॉब्लेम शहरांचा आहे. टर्नआउट वाढला पाहिजे." ज्या माणसाला पुण्यातल्या स्वतःच्या सोसायटीचा सेक्रेटरी कोण हे सांगता येत नव्हतं, तो मला परक्या देशातल्या तालुक्यांची नावं घडाघड म्हणून दाखवत होता. त्याचं पाहून मुसफ्फाचं ऑफिसही पेटलं. त्याच्या कंपनीचा पठाण ड्रायव्हर गाडीचं दार उघडताना विचारायला लागला, "साब, अपने गवर्नर का क्या हाल है?"

सासूबाईंचा प्रश्नच वेगळा होता. त्या पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक निवडणुकीची ड्यूटी त्यांनी केली होती. अमेरिकेची निवडणूक त्यांनी त्याच नजरेनं तपासायला घेतली. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल आणि राज्यपाल कुणी निवडून देत असतं का, इथे गाडी एक संध्याकाळभर अडली. हे तिकडचे मुख्यमंत्रीच समजा, असं सांगून नवऱ्यानं ती पुढे ढकलली.

"शाई कुठल्या बोटाला लावतात?" त्यांनी विचारलं.

शाई लावतच नाहीत, असं साहेबांनी सांगितल्यावर त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "मग एकानंच दोनदा मत दिलं तर?"

साहेबांनी खूप विचार केला. "असं सहसा करत नाही कुणी," ते म्हणाले.

"सहसा," सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी अमेरिकेची लोकशाही निकालात काढली. मग निशाण्या विचारल्या. एका पक्षाची हत्ती आणि दुसऱ्याची गाढव, हे ऐकून त्यांनी साहेबांकडे असं पाहिलं की ते बिचारे ओशाळले. "गाढव? स्वतःहून मागून घेतलं?" आपल्या गव्हर्नरची निशाणी यातली कुठली होती ते मी सांगणार नाही. आमच्या नातलगांत अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले दोन गट आहेत आणि मला दोघांकडेही उतरायला जावं लागतं.

आम्ही एवढे का हुरळून गेलो होतो याचा मी पुढे विचार केला. इथे आम्ही पाहुणे, मत द्यायचा प्रश्नच नाही. भारतात मतदार यादीतून आमची नावं कधीच उडाली होती. इतकी वर्षं कुणाच्या जिंकण्या-हरण्याशी आमचा काही संबंध उरला नव्हता, आणि आता एकदम आपलं माणूस उभं राहिलं होतं. ते आपलं कसं, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही.

मतमोजणीचा दिवस इथला बुधवार. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. नवऱ्यानं ऑफिसात अंगात कणकण असल्याचं कळवलं, मी पाठीचं कारण दिलं. कन्येला मात्र आम्ही शाळेत पाठवलं. तेवढी शिस्त पाळलीच पाहिजे, असं आम्हा दोघांना त्या सकाळी फार प्रकर्षानं वाटत होतं.

अडचण अशी की इंटरनेट सुरू असलं की आमचा फोन बंद. म्हणून लेकीनं समोरच्या घरी फोन करायचा आणि आकडे आमच्या घरी बघायचे, असं ठरलं. दोन्ही दारं सताड उघडी. समोर घंटी वाजली की साहेब सोफ्यावरून उठून मधला पॅसेज ओलांडून धावत, आणि बातमी घेऊन पुन्हा धावत आमच्याकडे. पायात आमच्या बाथरूमच्या निळ्या स्लिपर, त्यांच्या अर्ध्या पावलाला पुरणाऱ्या. कॉम्प्युटरवरचे आकडे लेकीच्या आकड्यांच्या नेहमी मागे. ती म्हणायची पुढे आहोत, तेव्हा पडद्यावर आम्ही मागे. पान उतरून आम्ही पुढे आलो की ती फोनवर सांगायची, आता मागे पडलो. नवरा एका हातानं नकाशा रंगवत होता आणि दुसऱ्या हातानं बेसनाचे लाडू खात होता. मी त्याच्या हातावर चापट मारून डबा काढून घेतला आणि मग मीच दोन खाल्ले. इतकं टेन्शन मला माझ्या बारावीच्या निकालालाही आलं नव्हतं.

सासूबाई या सगळ्या धावपळीत शांतपणे वाल सोलत बसल्या होत्या. अधूनमधून फक्त विचारायच्या, "काय, हरतोय का?"

"नाही हो आई, आहोत आपण अजून लढतीत," मी धीर द्यायचे. त्या पुन्हा वाल सोलायला लागायच्या.

दुपारी कन्या शाळेतून आली तेव्हा शेवटच्या एका जिल्ह्याचे आकडे यायचे होते. तिनं दप्तर टाकलं, आमचे अवतार पाहिले आणि नकाशातला उरलेला जिल्हा कुठला ते शोधायला लागली. इतक्यात समोर फोन वाजला. साहेब धावले. एक स्लिपर पॅसेजमध्येच राहिली. आम्ही सगळे त्यांच्या दारात जाऊन उभे. त्यांनी फोन कानाला लावला, आमच्याकडे पाठ केली, आणि मग एक लांब हात वर गेला आणि मूठ वळली.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नवऱ्यानं साहेबांना उचलायचा प्रयत्न केला, साहेबांनीच त्याला उचललं. त्याचा चष्मा कार्पेटवर. कन्या सोफ्यावर उड्या मारतेय आणि तिला कुणी ओरडत नाही. तिसऱ्या मजल्यावरची मल्याळी बाई आवाज ऐकून वर आली, कुणाचं लग्न ठरलं का विचारायला. मी तिच्या तोंडात लाडू कोंबला आणि म्हटलं, "गव्हर्नर आ गया." तिनं 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं आणि आणखी एक लाडू घेऊन गेली. मी रडतही होते. लाज वाटण्याइतकी शुद्ध मला नव्हती.

मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "चला," ते म्हणाले, "आता त्या म्हाताऱ्याला बाहेर काढू. त्याचे उपकार झाले." आणि आमच्या स्वयंपाकघराकडे निघाले. आम्ही सगळी वरात त्यांच्यामागून.

सासूबाई देवघरासमोर उभ्या होत्या. "नाही निघणार तो," त्या म्हणाल्या.

"शी सेज ही हॅज टू स्टे इन," कन्येनं सांगितलं.

"पण आपण जिंकलो," साहेब म्हणाले.

"म्हणूनच. यांना सांग, तो गव्हर्नर हरावा म्हणून मी देव ठेवला होता."

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, नको म्हणून. पण कन्या प्रामाणिक दुभाषी होती. तिनं शब्द न् शब्द सांगितला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पंधरा दिवस त्या माणसानं रोज सकाळी येऊन ज्या देवाची विचारपूस केली, तो त्याच्याच विरुद्ध बसवलेला होता.

साहेबांनी वाकून पुन्हा एकदा पातेल्यात पाहिलं. मग म्हणाले, "का, ते विचार."

"हरला असता तर पोरगी आली असती," सासूबाई म्हणाल्या. "तो गव्हर्नर काय, कुठेही गव्हर्नर होईल. मला काय त्याचं?"

साहेब हसायला लागले. पोट धरून, ओट्याला टेकून हसले, आम्हीही सुटलो म्हणून त्यांच्याबरोबर हसलो. आणि मग आमच्या लक्षात आलं की ते आता हसत नाहीयेत. त्यांनी सासूबाईंना खूण केली आणि पॅसेज ओलांडून आपल्या घरात नेलं. रिकामी खोली म्हणत होते ती उघडली. खोली रिकामी नव्हती. नवा कोरा पलंग होता, त्याच्या गादीवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. खिडकीला पिवळे पडदे होते. एक टेबल, त्यावर दिवा. "गेल्या महिन्यात घेतलं," ते म्हणाले. "कुणाला बोललो नाही. बाप असून मुलीनं हरावं असं कसं म्हणू?"

सासूबाईंनी गादी दाबून पाहिली. "तिला सांगितलंत का, पलंग घेतलाय म्हणून?"

नव्हतं सांगितलं.

"मग फोन करा. ये म्हणा."

"ती कामात आहे. आजचा दिवस तिचा आहे."

"कामात सगळेच असतात," सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांनी लांब वायरीचा फोन ओढत आणून साहेबांच्या हातात दिला, अगदी शाळेतल्या बाईंनी पाटी द्यावी तसा.

आम्ही निघायला हवं होतं, पण कुणी हललं नाही. फोनमधून इतका गलका येत होता की तो आम्हालाही ऐकू येत होता. साहेब आधी ओरडून अभिनंदन करत राहिले. मग गलका कमी झाला, बहुधा ती कुठल्यातरी दाराबाहेर आली असावी. "मी पलंग घेतलाय," साहेब म्हणाले. "तुझ्यासाठी. नाही, जिंकलात तरी. मला तू इथे हवी आहेस." त्यानंतर ते बराच वेळ नुसतं ऐकत होते, त्या प्लास्टिकवर बसून, एका पायात निळी स्लिपर घालून.

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि आमच्या कन्येला म्हणाले, "आजीला सांग, तिला इतकी वर्षं वाटत होतं की मला एकटं राहायला आवडतं. जानेवारीत शपथविधी आहे. तो झाला की बघते म्हणाली."

"बघते म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे मेबी, आज्जी. कदाचित."

"इन्शाल्ला," साहेब म्हणाले. "आजीला सांग, म्हाताऱ्याला राहू दे अजून थोडे दिवस पाण्यात."

घरी परत आलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. नवऱ्याचे पाय अजून जमिनीवर नव्हते. फ्रिजवरच्या नकाशावर त्यानं शेवटचा जिल्हा रंगवला आणि तोंडानं शीळ घालत देवघराशी गेला. "आई, ऐक ना," तो म्हणाला. "मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट रिन्यूअलला येतंय. तेव्हा पण ठेव हं गणपती पाण्यात. या खेपेला पाच वर्षांचं मागणार आहे मी."

"दर वेळी ठेवते की," सासूबाई पातेल्यातलं पाणी बदलत म्हणाल्या. "तुझं पत्र आलं की लगेच."

"बघ! म्हणून तर दर वेळी झालं."

"तुझं झालं रे," त्या म्हणाल्या. "माझं कुठे झालं?"